मोतुपेवरचे तीन जाळ

नुकुआला
१४ ऑगस्ट १९१८

इओपू,

खोबरं न्यायला जहाज आलंय. संध्याकाळी निघणार म्हणतात, म्हणून मासे अर्धे साफ करून तसेच टाकले आणि लिहायला बसले. कागदाला वास येईल. येऊ दे. पाद्री व्हायला शिकणाऱ्यांना घरचा वास विसरून चालत नाही.

पाऊस नाही. विहिरीचं पाणी मचूळ झालंय, चुना खाल्ल्यासारखी जीभ होते. निरफणस मुठीएवढा होण्याआधीच गळतोय. अळूच्या खड्ड्यांतली पानं कडेने पिवळी पडली. नारळ आहेत तोवर तहानेने कोणी मरत नाही, पण तेओफिलो आजोबा रोज सकाळी पोवळ्याच्या कड्यावर उभे राहून वारा बघतात आणि तसेच परत येतात. या दिवसांत पूर्वेचा वारा हवा. तो पडलाय. मधूनच पश्चिमेकडून झुळूक येते, आणि तिला चिखलासारखा वास असतो. पश्चिमेला तर चिखल कुठेच नाही.

सिना आता सगळं बोलते. परवा तिने कड्याच्या आतल्या पाण्यापलीकडे मोतुपेच्या बेटाकडे बोट दाखवलं. ‘तिथे कोण राहतं?’ मी म्हटलं, कोणी नाही. वाओला शेजारी केवड्याची पानं सोलत बसली होती. ती म्हणाली, ‘कोणी नाही कसं? अंगावर चट्टे उठलेल्यांना आपल्या वाडवडिलांनी तिकडे नेऊन सोडलं, ते परत कुठे आले?’ पोरीसमोर असं बोलतात का? पण वाओलाचं तोंड तुला माहीत आहे. मला रोज टोमणा मारते: ‘काय गं लोसा, नवरा समुद्राने नेला की आपियाच्या पोरींनी?’ तिचा मुलगा सेफोही तिकडेच आहे, म्हणून मी उलट बोलत नाही. तिची जीभ चालते तेव्हा ती त्याच्याच काळजीत असते.

मानासे गेला तेव्हा सिना पोटात होती. गोदामात काम करून घराला पत्रे आणतो म्हणाला होता. मला पत्रे नकोत. तू त्याला भेटून माझ्या तोंडचं सांग: पहिलं जहाज मिळेल त्यात बस. सांगताना जरा रागावून सांग, नाहीतर तो नुसता हसेल.

तुझी बहीण,
लोसा

आपिया
१२ नोव्हेंबर १९१८

ताई,

तुझा राग पोहोचवला. मानासे हसला नाही. गोणीवर बसून राहिला आणि म्हणाला, ‘माझं डोकं फिरलं होतं. तीन वर्षं कशासाठी घालवली मी?’ दुसऱ्याच दिवशी त्याने ‘आलोफा’वर जागा धरली. दोन शिडांचं जहाज आहे, आधी आपल्याकडे आणि मग पलीकडच्या फाकासा बेटाला जाईल. सेफोही येतोय, आणि इथे लेकीकडे राहिलेली तेउइला आजीसुद्धा. ती म्हणते, ‘मला माझ्या वाळूत मरायचंय, इथला चिखल पायाला चिकटतो.’ मानासेने तुझ्यासाठी लाल फुलांचं कापड घेतलंय. मी सांगितलं हे त्याला सांगू नकोस.

आणखी एक बातमी. काल लढाई संपली! सगळ्या देवळांच्या घंटा वाजल्या. आमच्याही शाळेची वाजणार होती, पण घंटा ओढायला गेलेला मुलगा जिन्यातच बसला. म्हणाला, पायात जोर नाही. मग मी जाऊन वाजवली.

इथे सर्दीची साथ आहे. गेल्या आठवड्यात एक मोठी बोट आली, तिच्या उतारूंना होती म्हणे. आमच्या वर्गातली निम्मी मुलं चटयांवर पडून आहेत. मास्तर म्हणतात हवा बदलली की होतं असं. बाजारातली बरीच दुकानं आज बंद दिसली. लढाई संपल्याची सुट्टी असावी.

‘आलोफा’चं खोबरं भरून झालं की हे पत्र मानासेबरोबरच येईल. पत्र आधी वाचशील की त्याला आधी बघशील, ते कळव.

तुझा,
इओपू

आपिया
१७ नोव्हेंबर

ताई, हे आधी वाच. पाकिटावरही तसंच लिहिलंय.

ती सर्दी नव्हती. माणसं मरतायत. सकाळी बोलणारा माणूस संध्याकाळी काळानिळा पडतो, नाकातोंडातून रक्त येतं. समोरच्या घरातून परवा रडण्याचा आवाज येत होता, काल एकच मूल रडत होतं, आज आवाज नाही. मेलेल्यांना चटईत गुंडाळायलाही कोणी उभं राहू शकत नाही. गाडी फिरते आणि उचलून नेते. घंटा ओढायला गेलेला मुलगा गेला. मास्तर गेले.

‘आलोफा’ अजून बंदरात आहे. निम्मे खलाशी आजारी, तरी कॅप्टन आज निघतोय, कारण त्याला इथून पळायचंय. मानासे, सेफो आणि तेउइला आजी जहाजावर चढून बसलेत. कालपर्यंत तिघं बरी होती. मी बंदरावर जाऊन त्यांना उतरवलं असतं, पण कालपासून मला ताप आहे, दारापर्यंतही जाववत नाही. एक ओळखीचा माणूस तिकडे चाललाय, त्याच्या हातून हे पाठवतो.

ताई, ज्या जहाजातून हे पत्र येतंय त्याच जहाजातून ते दुखणंही येतंय. आपल्याकडे औषध नाही, डॉक्टर नाही, पळायला जागा नाही. होड्या पाण्यात घालू देऊ नकोस. तेओफिलो आजोबांना सांग, गाव त्यांचं ऐकतं. कोणालाही उतरू देऊ नका.

मानासेलाही नाही.

नुकुआला
६ डिसेंबर १९१८

इओपू,

हे पत्र न्यायला जहाज नाही. कधी येईल माहीत नाही. तू वाचायला आहेस की नाही, तेही माहीत नाही. तरी लिहिते, कारण इथे कोणाशी बोलावं असं राहिलं नाही.

‘आलोफा’ पौर्णिमेनंतर चौथ्या दिवशी दिसली. पोरं माडावर चढून ओरडली. नेहमीसारखी पहिली होडी लुकाने नेली. कड्याच्या फटीतून बाहेर गेला, वरून दोरीने सोडलेली टपालाची पिशवी घेतली आणि परत आला. बाकीच्या होड्या ओंडक्यांवरून पाण्याकडे सरकत होत्या. मी सिनाचे केस विंचरून, कानात फूल घालून उभी होते. तुझं अक्षर ओळखलं, पण ते इतकं वाकडं होतं की मला वाटलं तू गलबतात बसून लिहिलंस.

वाचलं आणि मी ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही. आजोबा म्हणाले, ‘मोठ्याने वाच.’ वाचलं. शेवटच्या ओळीपाशी थांबले.

‘पुढे?’

‘पुढे मानासेलाही नाही असं लिहिलंय.’

होड्या ढकलणारे थांबले. मग लुका म्हणाला, ‘इओपूला तापात भ्रम झाला असेल.’ तेवढ्यात कॅप्टनने भोंगा तोंडाला लावला: सगळं ठीक आहे, थोडी बोट लागलीय लोकांना, होड्या पाठवा! आजोबांनी डोळ्यांवर हात धरून बराच वेळ पाहिलं. ‘बोट लागलीय? खलाशांना? आणि एवढं मोठं शीड ओढायला दोघंच कसे?’

जहाज इतकं जवळ होतं की माणसं ओळखू येत होती. कठड्याशी मानासे उभा होता, पांढरा सदरा घातलेला. त्याने लाल कापड उलगडून डोक्यावर धरलं आणि हाक मारली, ‘लोसा! पोर दाखव!’

मी सिनाला उचलून दाखवली, इओपू. दोन्ही हातांनी, जितकी वर जाईल तितकी.

वाओला तोवर कमरेएवढ्या पाण्यात गेली होती. ‘माझं पोर दिसतंय मला, धडधाकट उभं आहे! तुमच्या होड्या ठेवा तुमच्याकडे, मी पोहत जाते.’ लुकाने तिला धरून मागे ओढली. ती त्याला चावली. आजोबा म्हणाले, ‘एकीचा नवरा, एकीचा मुलगा. आजीला तर इथे कोणीच नाही. तुम्ही दोघी बोला, मग बैठक ठरवेल.’

वाओला म्हणाली, ‘उतरवा.’

मी म्हटलं, ‘मोतुपे.’

तिने माझ्याकडे कसं पाहिलं ते मी सांगत नाही.

बैठकीने मोतुपे ठरवलं, आणि लांब दोरीला एक रिकामी होडी बांधून सोडली. तिघं तीत उतरली. आजोबांनी ओरडून सांगितलं: पुढची पौर्णिमा होऊन जाईपर्यंत मोतुपेवर राहायचं, वेगवेगळं झोपायचं, दिवस मावळला की आपापल्या जागी जाळ करायचा, म्हणजे आम्हाला कळेल. डावीकडे आजी, मध्ये मानासे, उजवीकडे सेफो. मानासेने वल्हं उचलून ‘हो’ म्हटलं. होडी फटीतून आत आली, आमच्या समोरून गेली. तो सिनाकडेच बघत होता. लाल कापड त्याने गुडघ्यांवर घेतलं होतं.

कॅप्टन शिव्या देत निघाला. ‘तुम्ही दगड आहात! फाकासाचे लोक तरी माणसं आहेत!’ फाकासाला कळवायला आम्ही होडी काढली, पण जहाजाला वारा मिळाला आणि होडीला प्रवाह उलटा लागला. दुसऱ्या दिवशी लुका रिकामाच परतला. त्याला आणि मला दहा दिवस होड्यांच्या छपरात ठेवलं होतं, कारण पिशवीला आमचे हात लागले होते. आम्हाला काही झालं नाही.

आता रोज ओहोटीला मोतुपेसमोरच्या खडकावर मासे आणि नारळ ठेवतात आणि लगेच परत फिरतात. संध्याकाळी सगळं गाव किनाऱ्यावर बसतं. पहिल्या दिवसांत तिन्ही जाळ एकदमच पेटायचे. मी सिनाला सांगते, मधला तुझ्या बाबाचा. ती त्याला हात हलवते आणि मगच झोपते.

अलीकडे जाळ एकदम पेटत नाहीत. आधी डावीकडचा, मग मधला, मग बराच वेळ जातो आणि उजवीकडचा. लाकूड ओलं असेल. वाओला म्हणते, ‘आमचा सेफो आळशीच. जेवायलाही तीन हाका माराव्या लागायच्या.’ आता ती माझ्या शेजारी बसते. काल तिने माझा हात हातात घेतला. खडकावरचे नारळ जातात, मासे मात्र बरेच तसेच राहतात. आजारातून उठलेल्याला मासे नको वाटत असतील.

तीन जाळ रोज दिसतात. अजून थोडेच दिवस.

तू आहेस का रे?

लोसा

आपिया
२० जानेवारी १९१९

नुकुआलावर जो कोणी वाचू शकत असेल त्याला,

मी इओपू, लोसाचा भाऊ. मी वाचलो. का वाचलो ते विचारू नका. आमच्या शाळेत आता घंटेचा दोर ओढायला मुलं उरलेली नाहीत. शाळेमागे लांब खड्डा आहे, त्यावर गवतही आलंय.

मिशनचं जहाज परवा फाकासाहून परत आलं. ‘आलोफा’ तिथे खडकावर चढून आडवी झाली आहे म्हणे. फाकासाच्या लोकांनी फुलांच्या माळा घालून सगळ्यांना उतरवून घेतलं होतं. मिशनचे लोक किनाऱ्यावर गेले तेव्हा त्यांना धूर दिसला नाही, कुत्री तेवढी दिसली. एका घरात तीन मुलं जिवंत सापडली, कच्च्या नारळावर राहिलेली. पुढे नुकुआलाला जायचा त्या लोकांना धीर झाला नाही. का, ते मीही विचारलं नाही. तेच जहाज आता बेटाबेटाने फिरत तिकडे येतंय, म्हणून हे पत्र देतो.

ताई, तू असशील तर. माझी दोन्ही पत्रं मिळाली का? दुसरं वेळेवर वाचलंस का? मानासेचं काय झालं ते सांग, नाहीतर नको सांगूस. तापात मला सारखं दिसायचं की तो होडीत उभा आहे आणि तू किनाऱ्यावरून त्याच्याकडे पाठ करून चालली आहेस. मी किती ओरडलो तरी तू वळत नव्हतीस, आणि वळली नाहीस म्हणून मला बरंही वाटत होतं.

मला आता पाद्री व्हायचं नाही. गावात कोणी विचारलं की देव कुठे होता, तर मी काय सांगू? मला घरी यायचंय. जाळं ओढता येतं, माडावर चढायला पुन्हा शिकेन. ईस्टरच्या आधी एक जहाज निघेल. इथे अजून कोणीकोणी खोकतं, पण मी बरा आहे.

होडी पाठवशील ना?

इओपू

नुकुआला
२ मार्च १९१९

इओपू, माझ्या भावा,

मिशनचं जहाज कड्याबाहेर थांबलंय. तुझं पत्र त्यांनी टोपलीतून सोडलं. आजोबांनी ते आधी धुरावर धरलं, मग मला दिलं. पाकिटावरचं तुझं अक्षर सरळ होतं. मी तिथेच वाळूत बसले. वाओलाने धावत जाऊन सगळ्या घरांत सांगितलं, ‘इओपू आहे! इओपू आहे!’

नुकुआलावर एकही माणूस मेलं नाही. एकही नाही. डिसेंबरचं माझं पत्रही याबरोबर देते, ते आधी वाच, म्हणजे पुढचं कळेल.

पौर्णिमा होऊन गेली त्या सकाळी आजोबा, लुका, वाओला आणि मी होडीतून मोतुपेला गेलो. वाओलाने सेफोसाठी निरफणस भाजून पानात बांधला होता, गरम राहावा म्हणून मांडीवर धरून बसली होती. मी सिनाला नेलं नाही, बाबाला आंघोळ घालून घेऊन येते म्हणून सांगितलं.

किनाऱ्यावर मधल्या जाळाच्या राखेपाशी तेउइला आजी एकटीच बसली होती. आम्हाला बघून तिने हात आडवा केला. ‘थांबा.’ बोटांवर काहीतरी मोजलं. मग म्हणाली, ‘झाले दिवस. आता या.’

सेफो चौथ्या दिवशी गेला. मानासेने त्याला पुरलं आणि परत येऊन आडवा पडला. आजीलाही ताप होता, पण म्हातारीचा उतरला, त्याचा उतरला नाही. शुद्ध होती तोवर तो एकच सांगत राहिला: ‘आजी, माझा जाळ विझू देऊ नका. सेफोचाही नको. एक जरी दिसला नाही तर वाओलामावशी पोहत येईल, लोसा होडी ढकलेल, आणि त्यांना अडवायला सगळं गाव पाण्यात उतरेल. पौर्णिमेपर्यंत तिन्ही जाळ हवेत.’

तो गेल्यावर तिने कासवाच्या कवचाने वाळू उकरून त्याला पुरलं. मग रोज दिवसभर झावळ्या आणि नारळाची सोडणं ओढायची. संध्याकाळी आधी स्वतःचा जाळ, मग रांगत मधला, मग उजवीकडचा. लाल कापड तिने त्याच्यावर घातलंय.

वाओला रडली नाही. हातातलं पान तसंच होतं, त्यातून वाफ येत होती. तिने विचारलं, ‘उजवीकडचा इतका उशिरा का पेटायचा?’

‘मला चालवत नव्हतं गं. मध्ये बसावं लागायचं.’

वाओला तिच्या पायांशी बसली आणि पाय चेपायला लागली. बराच वेळ चेपत होती. मग दोघींनी मिळून तो निरफणस खाल्ला.

मला मात्र राग आला. तुला खरं सांगते. त्या म्हातारीचा, मानासेचा, माझाही. इतक्या संध्याकाळी माझी पोर राखेला हात हलवत होती. मला नुसतं कळलं असतं तरी मी किनाऱ्यावर बसून रडले असते, आले नसते, असं मी तिला म्हटलं. तिने माझ्याकडे बघितलं. ‘आली असतीस, लोसा. त्याला माहीत होतं, मला माहीत आहे आणि तुलाही.’



तुझ्या पत्रातलं फाकासाचं मी बैठकीत वाचून दाखवलं. आजोबा उठून कड्यावर गेले आणि सूर्य मावळला तरी परत आले नाहीत. त्या तीन मुलांना मिशनवाल्यांनी आणलं तर आम्ही सांभाळू, असं त्यांनी आज कळवलंय. पण तीही आधी मोतुपेवर उतरतील. यापुढे समुद्रातून येणारं प्रत्येक माणूस एक पौर्णिमा तिथे राहील, असं ठरलंय. तेउइला आजी गावात परत आलीच नाही. तिने तिथे खोपटं घातलंय. ‘जहाजं काही थांबत नाहीत,’ म्हणते, ‘येणाऱ्याला पाणी द्यायला कोणी नको का?’

तू विचारलंस, होडी पाठवशील ना. पाठवीन. रिकामी असेल, लांब दोरीला बांधलेली. तिच्यात बसायचं, फटीतून आत यायचं आणि आमच्याकडे न वळता सरळ मोतुपेला जायचं. मी किनाऱ्यावर उभी असेन, सिनाला उचलून दाखवीन. संध्याकाळी तुझा जाळ कर.

आजीला मी काल जाऊन बजावून आले. खडकापाशी उभी राहूनच बोलले, तिच्या जवळ गेले नाही. म्हटलं, ‘आजी, माझा भाऊ येतोय. त्याचा जाळ विझला तर विझू द्या. तुम्ही पेटवू नका. मी येणार नाही. आता मला जमेल.’

लोसा